शेजारच्या देशाचा कर सांगता, तर बिलही दाखवा

बडोद्यातल्या सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना, त्यांच्या प्रवक्त्यांना आणि कोपरा सभेत ज्याच्या ज्याच्या हाती माईक येतो त्या प्रत्येकाला,

स. न. वि. वि.

मी दांडिया बाजारात राहते. वीज मंडळाच्या हिशेब खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ ऑडिटमध्ये. आमचा ओटा गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे पक्ष कुठलाही असो, माईकची वायर आमच्याच प्लगमधून जाते आणि पाहुण्यांपुढचं टेबलही आमचंच असतं. तक्रार नाही. उलट त्या निमित्ताने सगळ्यांची भाषणं घरबसल्या ऐकायला मिळतात.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी चार दिवसांच्या अंतराने दोन भाषणं ऐकली. दोन्ही वक्त्यांनी "नमस्कार मंडळी, कसं काय?" एवढं मराठी बोलून मग गुजराती धरली, ते असो. पहिले म्हणाले, कॅनडात जाऊन बघा, अर्धा पगार सरकार कापून घेतं आणि एवढं करून डॉक्टर भेटतो सहा महिन्यांनी. इथे वेरा, म्हणजे कर, कमी आणि वर १० लाखांपर्यंतच्या उपचारांचं सरकारी कार्ड फुकट. टाळ्या झाल्या. दुसरे म्हणाले, कॅनडाच्या दवाखान्यात पैसे भरायची खिडकीच नसते. आणि लांब कशाला जाता, आपल्या शेजारच्या श्रीलंकेत सगळं मोफत आहे, राजस्थानने २५ लाख दिले आणि तुमची बोळवण १० लाखांवर केली. पुन्हा टाळ्या. वाजवणारे बरेचसे तेच होते.

दोघांचंही सरसकट खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण ऑडिटला अशी वही आली असती तर मी सही केली नसती. एकाने नुसती नावेची बाजू वाचली, दुसऱ्याने नुसती जमेची.

मला हे सुचायचं कारण घरातलंच आहे. बडोद्यात घरटी एक जण तिकडे असतो, आमचे दोन आहेत. मुलगा अमेरिकेत डेट्रॉइटजवळ, मुलगी कॅनडात विंडसरला. मध्ये एक नदी. १९२९ सालचा पूल आहे, १९३० सालचा बोगदा आहे, आणि गंमत म्हणजे डेट्रॉइटहून कॅनडात जायला दक्षिणेकडे जावं लागतं. नकाशा पाहीपर्यंत यजमानांनी माझं हे ऐकलं नव्हतं. विंडसरच्या कितीतरी नर्सेस रोज नदी ओलांडून डेट्रॉइटच्या इस्पितळांत कामाला जातात. पगार तिकडचा, स्वतःचं आजारपण इकडचं. दोन देशांची तुलना करायला याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही. तेव्हा मी चार महिने तिथे राहिले त्यात तेच केलं. सवय जात नाही.

मुलीच्या पगारातून कर जास्त कापला जातो, हे खरं. दुकानात गेलं की वर १३ टक्के विक्रीकर; नदीपलीकडे मिशिगनमध्ये तो ६ टक्के. देश म्हणून पाहिलं तर कॅनडात सगळे कर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण एक-तृतीयांश भरतात, अमेरिकेत साधारण एक-चतुर्थांश. आपल्याकडे केंद्र आणि राज्य मिळून १७-१८ टक्क्यांच्या आसपास. पहिले वक्ते इथपर्यंत येऊन थांबले.

नातू घसरगुंडीवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. इमर्जन्सीत आम्ही सात तास बसलो. सात. मी डब्यात थालीपीठं नेली होती, ती चौथ्या तासाला संपली. शेजारी एक आजोबा कोट अंथरून झोपले होते. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, एक्स-रे, प्लास्टर, पुढची तारीख. निघताना मी सवयीने पर्स उघडली, तर मुलगी म्हणाली, "आई, चल." कार्ड येताना एकदाच दाखवलं होतं. पैसे गेले ते फक्त पार्किंगचे, आणि त्यावरून जावई घरी येईपर्यंत कुरकुरत होते. त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र अकरा महिने रांगेत होतं. त्या बाई रोज जिना बसून उतरायच्या, ते मी पाहिलंय. आणि दात, चष्मा, घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या हे सगळं त्या सरकारी कार्डात सरसकट येत नाही. मुलीच्या थायरॉइडच्या गोळ्या जावयांच्या कंपनीच्या विम्यातून येतात. 'पैसे भरायची खिडकीच नसते' म्हणणाऱ्या दुसऱ्या वक्त्यांनी हे पान उलटलंच नाही.

आता नदीपलीकडे. मुलाचं अपेंडिक्स काढलं. वाट बघावी लागली नाही, खोली स्वतंत्र, जेवणाला मेनूकार्ड. पंधरा दिवसांनी एक जाड पाकीट आलं. आत चार पानं आकडे आणि माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'धिस इज नॉट अ बिल'. बिल नाही तर मग आहे काय? विमा कंपनीने कळवलं होतं की दवाखान्याने मागितले ३८ हजार डॉलर, आम्ही मान्य केले १४ हजार, त्यातला तुमचा वाटा एवढा. खरी बिलं पुढे सुटी सुटी आली. सर्जनचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, तपासणीच्या लॅबचं तिसरंच. खिशातून गेले ४,६०० डॉलर, आणि हा विमा असलेल्या माणसाचा हिशेब. ३८ चे १४ कसे झाले, हे मी तीन वेळा विचारलं. ३१ वर्षांत अशी वजावट कुठल्याही व्हाउचरवर पाहिली नव्हती.

शिवाय हप्ता. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्य विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता, अशी केएफएफ या संस्थेच्या पाहणीतली नोंद आहे. त्यातले सरासरी ६,२९६ कामगाराच्या पगारातून कापले जातात, उरलेले मालक भरतो. मालक भरतो म्हणजे काय, तेवढा पगार कमी देतो. हे पैसे सरकारकडे जात नाहीत, म्हणून त्यांना कोणी कर म्हणत नाही आणि म्हणून करांच्या तुलनेत ते दिसतच नाहीत. पगारातून गेले ते गेलेच. देश म्हणून अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालवते, कॅनडा १२ च्या आसपास. याहून चमत्कारिक म्हणजे अमेरिकेचं नुसतं सरकार, म्हणजे करातून, माणशी जो आरोग्यखर्च करतं तोच कॅनडाच्या सरकारपेक्षा जास्त आहे. एवढं करून कॅनडातला माणूस सरासरी तीन वर्षं जास्त जगतो.

भाऊ-बहीण यावरून भांडले का? भांडले तर. "तुला वीस मिनिटांत एमआरआय मिळतो, मला माहितीय." "आणि तुला नोकरी गेली तरी झोप लागते, तेही मला माहितीय." त्यावर दोघंही गप्प बसली आणि सुनेने चहा टाकला. तुमच्या दोन भाषणांपेक्षा या दोन वाक्यांत मला जास्त हिशेब कळला.

शेजाऱ्याचा बागुलबुवा तिकडेही निवडणुकीत नाचवतातच, तुम्ही काही नवीन केलेलं नाही. २००० साली कॅनडाच्या निवडणुकीत स्टॉकवेल डे या पक्षनेत्यावर आरोप होता की तो अमेरिकेसारखी श्रीमंतांची वेगळी आणि गरिबांची वेगळी वैद्यकसेवा आणणार. बिचाऱ्याने टीव्हीवरच्या वादचर्चेत हाताने लिहिलेली पाटी वर धरली, दोन दर्जांची आरोग्यसेवा नाही म्हणून. अमेरिकेसारखं करू नका, एवढं म्हटलं की तिकडे मतं हलतात. नदीपलीकडे याच्या उलट. २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा ऐन वादात असताना कॅनडातल्या न्यूफाउंडलंड प्रांताचे मुख्यमंत्री डॅनी विल्यम्स हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मायामीला गेले. कायद्याच्या विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. मग २०१९ च्या जुलैत डेट्रॉइटला राष्ट्राध्यक्षपदासाठीच्या डेमोक्रॅट उमेदवारांची वादचर्चा होती, तिच्या दोन दिवस आधी त्यांच्यातलेच एक बर्नी सँडर्स मधुमेही अमेरिकनांना बसमध्ये घालून विंडसरला घेऊन गेले, इन्सुलिन विकत घ्यायला. तिकडच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळालं. ज्या शहरात माझी मुलगी राहते त्याच शहरातलं औषधाचं दुकान, म्हणून ती बातमी माझ्या लक्षात राहिली.

इन्सुलिनवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यजमान २२ वर्षं मधुमेही आहेत. हे औषध १९२१-२२ मध्ये टोरांटोला सापडलं, म्हणजे त्याच कॅनडात. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. शंभर वर्षांनी त्याच औषधासाठी जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली माणसं पूल ओलांडतात. आणि इथे बडोद्यात? यजमान सत्तरीच्या पुढचे, तेव्हा ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळणारं 'वय वंदना' कार्ड त्यांना मिळालं. कौतुकाने लॅमिनेशन करून आणलं. पण ते चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टी मिळाल्यावरचे पंधरा दिवस धरतात. रावपुऱ्याच्या मेडिकलवर दर महिन्याला इन्सुलिन, स्ट्रिप्स आणि गोळ्या मिळून साडेतीन हजारांच्या आसपास जातात, त्यात ते कार्ड कामाचं नाही. म्हणजे पाय कापायची वेळ आली तर सरकार सोबत आहे. पाय राहावा म्हणून जे करायचं ते आमचं आम्ही.

धाकट्या दिरांना गेल्या वर्षी स्टेंट घातला. दवाखाना कार्डाच्या यादीतला, नाव घेत नाही. ऑपरेशन कार्डावर झालं, तेही चांगलं झालं, हे आधी सांगते. पण भरती करून घेण्यापूर्वीच्या तपासण्या 'पॅकेजमध्ये बसत नाहीत' म्हणून ११,८०० रुपये आधी भरून घेतले आणि पावती मागितल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मासी, पावती बनवायची तर उद्या या." उद्याच दिरांचं ऑपरेशन होतं. पावतीचं कोण बघतंय?

असे जे पैसे आपण काउंटरवर मोजतो, त्याला काय म्हणाल? देशाच्या आरोग्यलेख्यात त्याची नोंद आहे. २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता. घट मोठी आहे, ती मान्य करते, आणि पहिल्या वक्त्यांनी ही सांगितली असती तर मीही टाळी वाजवली असती. पण सरकारचा खर्च त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं लिहिलेलं आहे. ते वर्ष कोणत्याही भाषणात ऐकू आलं नाही. दुसऱ्यांच्याही नाही.

'इथे वेरा कमी' यावरही थोडं. माझ्या पेन्शनवरच्या आयकरावर ४ टक्के सेस लागतो, त्याचं नावच आरोग्य आणि शिक्षण. रुग्णालयं चालवणं घटनेने राज्यांकडे दिलेलं. सेसची रक्कम मात्र केंद्र-राज्यांमधल्या करवाटपात धरली जात नाही, राज्यांना त्यात ठरलेला हिस्सा नाही. आजारी पडलो तर सोय असावी म्हणून आम्ही जो विमा घ्यायचो, त्याच्या हप्त्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता. आता काढला, बरं केलं. पण त्याआधीची सगळी वर्षं आमच्यासारखे लोक सरकारवर भार नको म्हणून विमा घेत होते आणि त्याच गोष्टीवर सरकारला कर देत होते.

आता १० लाख आणि २५ लाख. ऑडिटवाल्या बाईला सगळ्यात जास्त राग याचा येतो. १० लाख हा खर्च नव्हे, मर्यादा आहे. एखाद्या कारकुनाला पन्नास हजारांपर्यंतची बिलं मंजूर करायचा अधिकार दिला, म्हणून खात्याने पन्नास हजार खर्च केले असं होत नाही. डबा किती मोठा ते सांगताय, आत पीठ किती ते सांगत नाही. गुजरातने जुलै २०२३ मध्ये ५ चे १० केले, राजस्थानने त्याच वर्षी, विधानसभेच्या तोंडावर, १० चे २५ केले. बहुतेक घरांना वर्षाकाठी ५ लाखही लागत नाहीत, आणि ज्यांना लागतात त्यांना आधी कार्ड घेणारा दवाखाना सापडावा लागतो. राजस्थानचं घ्यायचंच होतं तर मार्च २०२३ चा आरोग्य हक्काचा कायदा घ्यायचा. तो विधानसभेत आला आणि खासगी डॉक्टर संपावर गेले. पंधरवडाभर राज्य अडलं होतं. त्या कायद्याच्या बाजूने बोला, विरोधात बोला, पण तिथे निदान प्रश्न खरा होता. आणीबाणीत आलेल्या माणसाला दवाखान्याने नाही म्हणायचं की नाही, आणि पैसे कोणी द्यायचे?

नेमकं हेच कॅनडात १९६२ साली झालं होतं. सॅस्काचेवान नावाच्या गव्हाच्या प्रांतात १९४७ मध्ये सरकारी इस्पितळ विमा सुरू झाला, आणि १ जुलै १९६२ ला डॉक्टरांच्या फीचाही झाला. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस. ही योजना ज्यांनी उभी केली ते टॉमी डग्लस त्याच्या दोनच आठवडे आधी रेजायना शहरातून केंद्राची निवडणूक हरले होते, त्यांच्याच प्रांतात. पुढे १९६६ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, १९८४ मध्ये आजचा कॅनडा हेल्थ ॲक्ट आला आणि २००४ मध्ये टीव्हीवरच्या मतदानात लोकांनी डग्लसना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन ठरवलं. ४२ वर्षांनी! तुमच्यापैकी कोणाची एवढं थांबायची तयारी असेल असं वाटत नाही. तर मुलीच्या प्रांतातली गोष्ट ऐका, ती जास्त उपयोगी पडेल. ऑन्टारिओत २००३ मध्ये डाल्टन मॅगिंटी कर वाढवणार नाही असं लेखी देऊन निवडून आले आणि पुढच्याच वर्षी आरोग्याच्या नावाने नवा कर लावला, उत्पन्नाप्रमाणे वर्षाला ९०० डॉलरपर्यंत. लोक खवळले. आणि २००७ मध्ये त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. तो कर मुलीच्या विवरणपत्रात अजून आहे, मी स्वतः पाहिला.

उलट टोकाला श्रीलंका, ज्यांचं दुसऱ्या वक्त्यांनी कौतुक केलं. सरकारी इस्पितळात मोफत उपचार तिथे कित्येक दशकांपासून आहेत आणि ती व्यवस्था खरोखर नाव घेण्यासारखी आहे. पण २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे करकपातीचं वचन देऊन राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ डिसेंबरपासून व्हॅट १५ चा ८ टक्क्यांवर आला. पाठोपाठ कोविड आला, पर्यटन बसलं, परदेशी चलन आटलं. एकट्या करकपातीला दोष देणार नाही, पण गंगाजळी भरलेली असती तर धक्का कमी बसला असता. मार्च २०२२ मध्ये कँडीजवळच्या पेरादेणियाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात औषधं नाहीत म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. मोफतच होत्या त्या. आपण इथून औषधं पाठवली. आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथला व्हॅट १८ टक्के झाला, मूळच्यापेक्षा ३ जास्त.

आमच्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी शेजारच्या देशाशी तुलना करायला पासपोर्ट लागत नसे. गायकवाडी हद्द आणि इंग्रजी हद्द एकमेकींत गुंतलेल्या. दोन गावं ओलांडली की राज्य बदलायचं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं आणि मोफत केलं, पलीकडच्या इंग्रजी मुलखात ते नव्हतं. महाराजांना मतं मागायची नव्हती हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. पण त्यांच्या नावाच्या सयाजी इस्पितळात आजही झाबुआ-अलीराजपूरपासून माणसं येतात, एकाच खाटेवर दोघंही कधी दिसतात, आणि तुमच्यापैकी कोणाच्याही भाषणात त्या इस्पितळात किती डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत हे मी ऐकलेलं नाही. विंडसर लांब आहे. सयाजी आमच्या ओट्यापासून रिक्षाने दहा मिनिटं.

तेव्हा पुन्हा मतं मागायला याल त्या वेळी शेजारी देश खुशाल आणा. फक्त पूर्ण आणा. तिथला माणूस कर किती भरतो, हप्ता किती भरतो, खिशातून वर किती घालतो आणि डॉक्टर भेटेपर्यंत किती दिवस थांबतो, हे एकाच दमात सांगा आणि मग तेच चारही आकडे दांडिया बाजारातल्या माणसाचे सांगा. आणि कार्डाची रक्कम वाढवणार असाल तर मर्यादा सांगू नका, अंदाजपत्रकातली तरतूद सांगा, आणि ती कुठल्या करातून येणार तेही. "वेरा वाढेल" असं म्हणणारा उमेदवार माझ्या ओट्यासमोर अजून उभा राहिलेला नाही. राहिला तर चहा देईन.

प्लग नेहमीप्रमाणे मिळेल. टेबल मात्र या वेळी रिकामं नसेल, त्यावर यजमानांच्या औषधांच्या बिलांची फाईल असेल, बावीस वर्षांची. भाषणात कॅनडा आला म्हणून मी माईक बंद करणार नाही, फाईल उघडून पुढे सरकवीन. चष्मा घेऊन या, मेडिकलवाल्यांच्या त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उडत चालली आहे.

आपली,
दांडिया बाजारातली एक मतदार